पायातली पकड

ज्या दोरावर हे घडलं, त्यावर आता कपडे वाळतात, इतकी ही जुनी गोष्ट. खोल गुहेतून दोराने वर येताना हेमांगी दोन दातेरी पकडी लावायची. छातीवरची तिला खाली घसरू देत नसे. पायातली दोराला दात रोवून पावलाला आधार देई, त्यावर जोर देऊन ती वर सरके.

त्या दिवशी गुहेच्या तळातून वर निघताना हेमांगीने छातीवरचीचे दात ब्रशने घासले. पायातलीचा चिखल तसाच राहिला.

“जीव माझ्यावर असतो, बाई,” छातीवरची पायातलीला म्हणाली.

पायातलीने चिखल गिळला.

अर्ध्या वाटेत पायातलीचे चिखलाने भरलेले दात दोरावरून निसटू लागले. हेमांगी लोंबकळत राहिली.

“बघ, मी तिला पडू दिलं नाही,” छातीवरची म्हणाली.

“खरंय,” पायातली म्हणाली. “आता तिला घरी ने.”

हेमांगीने पाय वर ओढून घेतला आणि ब्रश काढला.