मुलीकडचं माणूस

फार पूर्वीची गोष्ट, बाळांनो. थोरांनीही कान द्यावा अशी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावात दगडी भिंतींचे लहानसे चर्च होते. दर रविवारी तिथे मंडळी जमायची. सगळे एकमेकांना बंधू म्हणत, भगिनी म्हणत, आणि उपासना संपली की आपापल्या घरी जात.

त्या मंडळीत सगुणाबाई नावाची एक बाई होती. घरी तीन मुलगे, अंथरुणाला खिळलेली सासू आणि न संपणारी कामे. तरी गरजवंताला पसाभर धान्य द्यायला ती कधी चुकली नाही.

चर्चमागच्या खोलीत रिबका राहायची. दुष्काळात ती आईबरोबर या गावात आली होती. पुढे आई गेली आणि पोर मागे राहिली. ती चर्च झाडायची, दिवे पुसायची. कुणी तिला लुगडे देई, कुणी भाकरी. असे करता करता ती लग्नाची झाली.

एका रविवारी शेजारच्या गावाहून तिला मागणी आली. उपासनेनंतर अंगणात मुलाच्या आईने विचारले, “पोरगी पसंत आहे. पण मुलीकडचं माणूस कोण? आम्ही बोलायचं कुणाशी?”

पाळक म्हणाले, “ही सगळी मंडळी तिचीच आहे, बाई.”

“सगळी म्हणजे कोणीच नाही, पाळकसाहेब,” ती म्हणाली. “पहिल्या बाळंतपणाला ही कुणाच्या दारी जाणार? माझ्या पोरानं उद्या हिच्यावर हात उगारला, तर त्याचा कान धरायला कोण येणार? नाव सांगा.”

कुणी पायातल्या वहाणा चाचपू लागले, कुणी पोराचे नाक पुसू लागले. सगुणाबाईनेही मान खाली घातली. ‘आधीच माझ्या घरात श्वास घ्यायला फुरसत नाही,’ तिने मनाशी म्हटले.

तेवढ्यात रिबका पाहुण्यांना पाणी घेऊन आली. तिने सगळे ऐकले होते. पण तिने वर पाहिले नाही. कुणी पुढे येईल अशी तिची अपेक्षाच नव्हती. ते सगुणाबाईने पाहिले. ‘इतकी वर्षं हिला बहीण म्हटलं,’ तिला वाटले, ‘आणि हिनं ते एकदाही खरं मानलं नाही.’

ती पुढे झाली. “माझ्याशी बोला.”

“तुम्ही हिच्या कोण?”

“आई. बाळंतपण माझ्या घरी होईल. तुमच्या मुलाचा कान धरायला मी येईन. आणि ही चुकली, तर हिचाही धरीन.”

मुलाची आई मोकळेपणी हसली. “मग बसा. आता बोलता येईल.”

सगुणाबाई रिबकाकडे वळली. “तुला न विचारताच बोलून गेले गं. चालेल ना?”

रिबकाने हातातला तांब्या खाली ठेवला. ती हळूच म्हणाली, “सणाला तुमच्या घरून माझं ताट यायचं. मी दारातच घ्यायची ते. मला आत बसून जेवायचंय.”

त्याच दिवशी सगुणाबाईने तिला घरी नेले. पहिले काही दिवस गोडीगुलाबीचे गेले. मग एकदा आमटीत मीठ जास्त पडले आणि सगुणाबाई तिच्यावर चांगलीच कडाडली. रिबका कोपऱ्यात जाऊन रडली, आणि रडता रडता हसली. पाहुणीला असे कुणी बोलत नाही, हे तिला कळत होते.

एकीने पाऊल टाकले तसे बाकीचेही सरसावले. लग्नाच्या दिवशी मंडळीतल्या सुताराने मामा म्हणून तिला चर्चमध्ये हात धरून नेले. म्हाताऱ्या बायकांनी आज्या होऊन हळद लावली. सून म्हणून निघताना रिबका इतक्या जणांच्या गळ्यात पडून रडली, की बैलगाडी दुपारपर्यंत खोळंबली.

वर्षभराने ती बाळंतपणाला माहेरी आली. सगुणाबाईची अंथरुणातली सासू पुष्कळ दिवसांनी उठून बसली आणि तिने नातीची मुलगी मांडीवर घेतली. त्यानंतर त्या मंडळीत नवे कुणी आले, की आधी कुणीतरी विचारी, “आज जेवायला कुणाच्या घरी?” आणि दोन-तीन घरांत त्यावरून भांडण लागे.

बोध: प्रार्थनेत ज्याला भाऊ किंवा बहीण म्हणतो, त्याच्या सुखदुःखाला घरच्या माणसासारखे उभे राहावे.