हातलावी

करंजखिंडीच्या शेवटच्या चढावर, वाटेच्या अगदी कडेला, खांद्याएवढा उंच दगड उभा आहे. त्याचा माथा डोक्यावरच्या पाट्या टेकून टेकून गुळगुळीत झालाय. त्याला हातलावी म्हणतात. शेंदूर नाही, नारळ नाही. पाहुणे दिसला दगड की हात जोडतात. जोडू नका. ती देवी नव्हे.

खालच्या मिठागरातून वरच्या बाजाराला मीठ डोक्यावरून जायचं, त्या काळातली ही गोष्ट. वाहायच्या बायकाच. त्यांत गोजरा सगळ्यांत कणखर. "आधी गोजरा, मग बाजार," असं लोक म्हणत, आणि तिला ते ऐकायला फार आवडे. भरली पाटी एकटीला उचलून डोक्यावर घेता येत नाही, दुसरीने हात लावावा लागतो. म्हणून गोजरा वाटेत पाटी उतरवतच नसे. कुणाचे उपकार नकोत.

एकदा आभाळ भरून आलं होतं. गोजरा नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे. या चढावर पाहते तर बयना उभी. नुकती बाळंतपणातून उठलेली, बाकीच्यांच्या आधीच निघालेली पोर. घेरी आली म्हणून तिने पाटी खाली ठेवली होती आणि आता ती तिला एकटीला उचलवत नव्हती.

"गोजराक्का, वाईच हात लाव."

"आणि माझी कोण चढवंल? तुझा बाप?"

खोटं नव्हतं ते. डोक्यावर ओझं असताना वाकता येत नाही. आधी आपली पाटी उतरवायची, मग दुसरीची चढवायची. दोघीच असल्या की एक सुटते, दुसरी अडकते.

"मग नुसती थांब तरी," बयना म्हणाली. "मागच्या बाया येतीलच. मला एकटीला भ्या वाटतंय."

"थांबू? मीठ भिजलं तर तू चाटणार हायस का? बाळंतिणीनं घरी बसावं."

असं म्हणून गोजरा चालू लागली. मागून पुन्हा हाक आली नाही, हे तिला बरंच वाटलं.

पहिले थेंब पडले तशी बयनेने एकटीनेच पाटी गुडघ्यावर घेतली, म्हणे. पाय सरकला. मागच्या बायका पोचल्या तेव्हा पाटी उपडी पडली होती आणि मिठाचं पाणी वाटेवरून ओघळत होतं. बयना खाली दरीत.

बाजारात गोजरा आपलं कोरडं मीठ मांडून बसली होती. बायका आल्या, तिच्यासमोरून गेल्या. शेवटी म्हातारी ठकी तेवढी थांबली. "बयनेला हात लावायला कुणी नव्हतं गं," म्हणाली. तिला बिचारीला काय ठाऊक. गोजराने मीठ तिथेच टाकलं आणि उठली.

त्या दिवसापासून ती या चढावर आपली पाटी उतरवून उभी राही. येणारीची पाटी उतरवून घ्यायची, विसावा झाला की पुन्हा चढवून द्यायची. त्या दिवशी ती बयनेजवळूनच पुढे गेली होती, हे एव्हाना सगळ्यांना उमगलं होतं; बायका हात घेत, बोलत नसत. सगळ्या वर गेल्या की मागे गोजरा आणि तिची पाटी. तिच्यासाठी कुणी थांबलं नाही, आणि तिनेही कुणाला थांब म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? ती ओंजळीओंजळीने मीठ वर नेई. बाजार उठल्यावर पोचे.

असंच करता करता केस पिकले. एका सकाळी बायका आल्या तर गोजरा नव्हती. ती उभी राहायची तिथे हा दगड होता. ठेंगणी असो की उंच, दगडावर टेकलेली पाटी जिची तिला बरोबर खांद्याशी मिळते, असं सांगतात.

आता गाडीरस्ता झालाय. तरी आजही वाडीतल्या बायका लाकूडफाटा घेऊन याच वाटेने चढतात. एकमेकींना हात लावतात, आणि आपला भारा आधी चढला म्हणून कुणी पुढे निघून जात नाही. शेवटची आपला भारा दगडावर टेकते, त्याखाली डोकं घालते आणि म्हणते, "गोजरे, हात लाव."

बयना नावाच्या मुली वाडीत घरोघर सापडतील. गोजरा हे नाव आजही कुणी लेकीला ठेवत नाही. हाक मात्र रोज तिलाच पडते.