मोठ्या तोंडाची गन

फार वर्षांमागची गोष्ट आहे. तेव्हा राजांच्या दारात हत्तीही झुलत आणि मोटारीही उभ्या असत. अशाच एका राज्यात मोटारी रंगवणारा एक रंगारी राहत होता. हाताने चांगला होता, नजरेनेही चांगला होता. फक्त 'हे मला ठाऊक नाही' असं म्हणायची वेळ आली, की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. तुमच्या ओळखीत असेलच असा एखादा.

त्या राज्यात एक कडक रिवाज होता. राजाचं काम मिळालं, की कारागिराने भरदरबारात कोठीतलं हत्यार निवडायचं आणि त्याच हत्याराने काम पुरं करायचं. काम बिघडलं, तर तसलं कुठलंच हत्यार जन्मात पुन्हा हाती धरायचं नाही. या रिवाजापायी सुताराचा रंधा गेलेला होता, गवंड्याची थापी गेलेली होती, आणि चांगली चांगली माणसं दुसऱ्याच्या अंगणात लाकडं फोडत होती.

राजकन्येचं लग्न ठरलं. पाठवणी मोटारीतून व्हायची होती. राजाने रंगाऱ्याला बोलावलं.

"चार दिवस देतो. चौथ्या दिवशी दुपारी मोटार निघाली पाहिजे. अशी चकाकली पाहिजे, की माझ्या लेकीला तिच्यात आपला चेहरा दिसावा."

"दिसेल, महाराज," रंगारी म्हणाला.

कोठावळ्याने रंग फवारायच्या दोन गन आणून चौरंगावर ठेवल्या. एक लहान तोंडाची, पोचे पडलेली, दिसायला अगदी गरीब. दुसरी मोठ्या तोंडाची, पितळेने मढवलेली, तिचा रंगाचा पेला तांब्याएवढा. वाड्यातल्या हवेच्या टाकीला नळी जोडून रंगाऱ्याने मोठी गन एका फळीवर चालवून पाहिली. घोडा दाबताच रंगाचं धुकं उठलं आणि दोन हातांत फळी भरून गेली. दरबार वाहवा करू लागला.

वाड्यातली ती टाकी खोलीएवढी होती. तिच्यामागे इंजिन धडधडत होतं. पण काम व्हायचं होतं रंगाऱ्याच्या घरी. त्याची स्वतःची टाकी पिंपाएवढी होती, आणि तिच्यात हवा भरायला त्याची बायको हाताने चाक फिरवायची. हा फरक त्या क्षणी एकाच माणसाच्या ध्यानात आला. ती बायको मागे गर्दीत उभी होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हिला हवा किती लागते ते विचारा ना एकदा."

"गप्प बस. लोक बघतायत."

कोठावळ्यालाही बोलायचं होतं. "ही मोठी गन जरा जास्तच..." असं तो म्हणू लागला, तोच रंगारी हसला. "कोठावळे, तीस वर्षं हेच करतोय मी. मला शिकवता?" रंगाऱ्याने मोठी गन उचलली. पुन्हा वाहवा झाली.

मोटार रंगाऱ्याच्या अंगणात आली. पहिला दिवस ती घासण्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्याने निळा रंग चढवायला घेतला. एक दार सुरेख झालं. दुसऱ्या दाराच्या मध्यावर टाकीवरचा काटा घसरला आणि गन थुंकू लागली. धुक्याऐवजी थेंब पडले. बायको जिवाच्या आकांताने चाक फिरवत होती, पण ती दहा फेरे मारून जेवढी हवा भरायची, तेवढी गन एका घोटात पिऊन टाकायची.

रंगारी थांबला. हवा भरू दिली, थेंब घासून काढले, पुन्हा थोडा पट्टा मारला. असं करत करत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निळा रंग कसाबसा पुरा झाला. बायकोच्या तळव्यांना फोड आले होते.

"रंग थांबून थांबून मारता आला," ती म्हणाली. "उद्या वरचं पारदर्शक व्हार्निश आहे. ते एका दमात ओलंच्या ओलं जोडत न्यावं लागतं. मध्ये थांबलात की सांधा दिसणार. माझं ऐका. काम अजून बिघडलेलं नाही. महाराजांना सांगा, निवड चुकली, दुसरी गन द्या."

"आणि भरदरबारात नाक कापून घेऊ?"

"नाक गेलं तर मी पाहून घेईन. हात गेले तर काय खायचं?"

रंगारी गन पुसत बसला. तिचं म्हणणं त्याला पटलं होतं, आणि म्हणूनच त्याला तिचा राग आला होता.

चौथ्या दिवशी सकाळी टाकी काठोकाठ भरून घेतली. गनमध्ये व्हार्निश ओतलं. पहिला हात पुढच्या बॉनेटवर फिरला आणि निळा रंग खोल पाण्यासारखा दिसू लागला. छतही तसंच झालं. डावी बाजू झाली. आता एक उजवीच बाजू उरली होती. त्याने काट्याकडे पाहिलं नाही. पाहायचा धीरच झाला नाही.

"थांबा!" बायको ओरडली. "हवा संपतेय!"

"थांबलो तर सुकेल! फिरव तू!"

ती फिरवत राहिली. फोड फुटले, चाकाची मूठ ओली झाली. उजव्या दारावर गन एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली, आणि जाड थेंबांचा सडा पडला. सगळा पत्रा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसू लागला. दाराखाली व्हार्निशचे ओघळ उतरले.

दूरवरून सनई ऐकू आली.

मग रंगाऱ्याने जे केलं, ते भेदरलेला माणूसच करतो. सजावटीसाठी आलेल्या झेंडूच्या माळा त्याने छतापासून पायरीपर्यंत उजव्या बाजूवर सोडल्या. व्हार्निश ओलं होतं, म्हणून दोऱ्या ताणून त्याने माळा पत्र्यापासून बोटभर दूर ठेवल्या. बायको बघत राहिली. तिला रडू येत होतं.

राजा अंगणात आला, वऱ्हाड आलं. सगळे पुढून बघत होते आणि खूश होते. राजकन्या वाकली, बॉनेटमध्ये तिला आपला चेहरा दिसला, आणि ती हसली. रंगारी मनात म्हणत होता, फक्त डावीकडून बसव देवा, डावीकडून बसव.

पण नवऱ्या मुलाकडच्या बायका उजवीकडून आल्या. एकीने दार उघडलं. दोरी सैल झाली, माळा पत्र्याला टेकल्या आणि चिकटल्या. तिने ओढून पाहिल्या. माळा निघाल्या, पाकळ्या मात्र व्हार्निशमध्ये रुतून राहिल्या. खाली ते खडबडीत दार सगळ्यांना दिसलं. सनईवाल्याने वाजवणं थांबवलं.

"हे हत्यार कोणी निवडलं?" राजाने विचारलं.

गन खराब निघाली, असं सांगता आलं असतं. बायको फोड फुटलेले हात पदराखाली धरून उभी होती. तिच्याकडे रंगाऱ्याची नजर गेली.

"मीच, महाराज. हवा किती लागते ते विचारा, असं हिने सांगितलं होतं. मला लाज वाटली."

राजाला वाईट वाटलं, पण रिवाज तो रिवाज. "गन खाली ठेव," तो म्हणाला. रंगाऱ्याने गन ठेवली आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मुहूर्त टळत होता. राजकन्या बैलांच्या छकड्यातून सासरी गेली. बाप वेशीपर्यंत गेला आणि धुळीत उभा राहिला.

परतल्यावर राजाने रंगाऱ्याच्या बायकोला विचारलं, "हे दार सुधारेल?"

"सुधारेल. आधी सुकू द्या, मग मी घासते. मला ती पोच्यांची गन द्या. ती सावकाश चालते, पण माझ्या टाकीला झेपेल."

दहा दिवसांनी मोटार चारही बाजूंनी सारखी चकाकू लागली. गन बायकोच्या हातात होती. चाक रंगारी फिरवत होता. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत त्याच्या तळव्यांना फोड आले, दंड थरथरू लागले, आणि टाकीत हवा किती मुश्किलीने भरते हे त्याला तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. "जरा दम घेऊ का?" त्याने बायकोला विचारलं. हे विचारताना मात्र त्याला लाज वाटली नाही.

लक्षात ठेवा, लहानांनो आणि मोठ्यांनोही: हत्यार लोकांच्या वाहवेवरून निवडू नये; आपल्या घरच्या बळाला ते झेपेल का, हे उचलण्याआधी विचारावं.