खारभाटचा आडवा क्रूस

खारभाटला आलेला पाहुणा बांधावर चढला की पहिला प्रश्न एकच विचारतो, हा क्रूस कुणी पाडला? दोन पुरुष लांबीचा दगडी क्रूस, आणि चिखलात आडवा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला गावाचं बावखल, म्हणजे आमचं गोड्या पाण्याचं तळं, आणि मधल्या बांधावर हा निजलेला. काहींना तर रागच येतो. देवाची अशी हेळसांड करता, म्हणतात. पाडलेला नाही रे बाबांनो, ठेवलाय. सांगून सांगून तोंडं दुखली या गावाची, तरी सांगायला हवं. बसा तिथे कडेला. क्रुसावर मात्र पाय ठेवू नका. मातीची पाटी ठेवली तर चालते.

फार मागची गोष्ट. त्या साली गावात ताप आला होता म्हणे, घरटी एक माणूस घेऊन गेला. रेमेदबायच्या घरातून तीन गेली, नवरा इनास आणि दोन पोरं. मागे राहिली ती, एक गाय आणि बावखलाच्या काठची पानवेल. रेमेदबाय रडली ती आडोशाला. बाकी वेळ ती करवादलेली असायची. गाईवर करवादायची, वेलीवर करवादायची, जपमाळ ओढताना मधेच थांबून देवावरही करवादायची. बाया म्हणायच्या, हिच्या प्रार्थनेला बसलं की भांडण ऐकल्यासारखं वाटतं.

ताप ओसरला तेव्हा गावाने नवस फेडायचा ठरवला. मोठा दगडी क्रूस उभारायचा. पण उभारायचा कुठे? बस्त्याव पाटील म्हणाला माझ्या आळीत, वरच्या आळीचे म्हणाले आमच्या. मेलेल्यांची माती अजून ओली, आणि ही माणसं जागेवरून भांडतायत. शेवटी कुणाचीच नाही अशी जागा निघाली, ती हा बांध. खाडीतून येणाऱ्या होड्यांनाही दिसेल, म्हणाले. रेमेदबायने तेव्हाच सांगितलं होतं की बांध पोखरू नका, चिखलाचा बांध आहे, खड्डा घेतलात तर पाणी वाट काढील. तर पाटील म्हणाला, देवाच्या कामात अपशकुन करू नको बाय. कमरेइतका खड्डा खणला, क्रूस उभा केला, लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, गायली, उकडलेले चणे वाटले आणि सगळे आपापल्या घरी गेले.

नारळी पुनवेच्या उधाणाला समुद्राने तोच खड्डा धरला. बांध तिथेच फुटला. क्रूस कलंडून बावखलाच्या उतारावर पडला आणि खाडीचं पाणी आत शिरलं. सकाळी रेमेदबायच्या गाईने पाण्याला तोंड लावलं आणि फिरवलं. बाय खाली वाकली, ओंजळ भरून चाखली, थुंकली. मिठासारखं पाणी. काठची पानवेल आठवड्यात पिवळी पडली.

आता गावाने काय करावं? खिंडार बुजवावं की नाही? ते राहिलं बाजूला. एकजण म्हणाला हा देवाचा कोप. दुसरा म्हणाला वरच्या आळीच्या पापाने झालं. नोव्हेना सुरू झाली, नऊ दिवसांची प्रार्थना, आणि रोज भरतीचं पाणी खिंडारातून आत येतच होतं. नोव्हेना संपली तेव्हा पाटलाने सांगितलं की हे गाव आता राहत नाही, डोंगराकडे सरकायचं. गाड्या जुंपायची तयारी झाली. अमावास्येचं उधाण चार दिवसांवर होतं. ते एकदा आत शिरलं असतं तर उरलासुरला बांधही गेला असता, आणि बावखल कायमचं मेलं असतं.

रेमेदबाय जायला तयार नव्हती. तिची तिन्ही माणसं देवळामागच्या मातीत होती. त्यांना कुठल्या गाडीत घालायचं होतं? नोव्हेना चालू होती तेव्हापासूनच ती रोज ओहोटीला पाटी घेऊन जायची, खिंडारात चिखल टाकायची. भरती यायची आणि चिखल धुऊन न्यायची. पाचसहा दिवस तिने हे केलं. सहाव्या की सातव्या दिवशी पाटी आपटली आणि क्रुसाच्या उशाशी जाऊन बसली. त्या दुपारी ती जे बोलली ते गावाने पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवलंय.

"नवरा नेलास, मी हूं की चूं केलं नाही. पोरं नेलीस, तरी तुझ्या नावाने दिवा लावला. पण पाणी कशाला नासवलंस? गाईने तुझं काय केलं होतं? आणि आता सगळा गाव गाशा गुंडाळतोय नि तू इथे लोळत पडलायस. सुताराच्या घरात वाढलास ना तू? मग ऊठ, नाहीतर पडल्या पडल्या काहीतरी कामाला ये."

बोलून झालं आणि आपलंच बोलणं तिच्या ध्यानात आलं म्हणे. क्रुसाकडे पाहिलं, खिंडाराकडे पाहिलं. क्रूस खिंडारापेक्षा हातभर लांब होता. आडवा टाकला तर दोन्ही टोकं धड मातीत रुतणार होती, आणि मागे टाकलेला चिखल धरून राहणार होता. तिने खांदा लावला. तो काय एका बाईने हलतो! मग ती पुन्हा ओरडायला लागली, आधीपेक्षा मोठ्याने.

आवाज गावात गेला. रेमेदबाय देवाला शिव्या देतेय, अशी बोंब झाली. बांध फुटला तेव्हा जी माणसं हलली नव्हती ती आता धावत आली, तिचं तोंड बंद करायला. सगळ्यांत पुढे पाटील. म्हातारे पाद्रीही काठी टेकत आले.

रेमेदबाय त्यांना म्हणाली, "आलात ना? बरं झालं. हात लावा."

काय करायचंय ते तिने सांगितलं तशी सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. क्रूस चिखलात आडवा घालायचा? त्याच्यावर माती टाकायची? पाटील पाद्रींकडे वळला की फादर, हिला सांगा काहीतरी. पाद्रींनी खिंडारात काठी टेकवून पाहिली. मग म्हणाले, "येशूला क्रुसावरून उतरवला तेव्हा त्यालाही आडवाच ठेवला होता. आणि कबरीवर दगडही लावला होता." आणि त्यांनी झगा कमरेला खोचला.

पाटलाने तरीही विचारलंच, "मग येशू उठला तसा हाही तिसऱ्या दिवशी उभा करायचा ना?"

"आधी पाणी गोडं होऊ दे," पाद्री म्हणाले.

मग सगळा गाव लागला. क्रूस ओंडक्यांवरून ढकलत आणला, खिंडारात आडवा बसवला, मागे खाडीकाठच्या तिवराच्या फांद्या आणि चिखल. पाट्या वाहताना लोकांची तोंडं आपोआप सुटली. तापात आई गेलेली पोर बोलली, वेल जळालेला म्हातारा बोलला. शेवटी पाटील पाटी टाकता टाकता म्हणाला की खड्डा मीच खणायला लावला, आणि तेव्हापासून मला झोप नाही. शेजारच्याने दुसरी पाटी त्याच्या डोक्यावर दिली.

अमावास्येला समुद्र आला, क्रुसाला धडकला, रात्रभर धडकत राहिला. बांध धरला. पण पाणी लगेच गोडं झालं असं कुणी सांगत असेल तर खोटं. त्या वर्षी दुसऱ्या गावाहून घागरी आणल्या. रेमेदबायने घागर उतरवताना दरवेळी क्रुसाला दोन शब्द ऐकवले आणि दरवेळी चार ओंजळी माती लावली. पुढच्या साली पावसाळा अर्धा सरला तेव्हा एका संध्याकाळी बावखलात बेडूक ओरडला. खाऱ्या पाण्यात बेडूक राहत नाही. बाय हातातलं काम टाकून काठावर गेली आणि त्या बेडकालाही म्हणाली, "इतके दिवस कुठे मेला होतास?" असं म्हणतात, तिला मोठ्याने रडताना गावाने पाहिलं ते त्याच दिवशी.

आजही नारळी पुनवेच्या ओहोटीला खारभाटच्या प्रत्येक घरातलं माणूस मातीची पाटी घेऊन या क्रुसापाशी येतं. माती टाकायची आणि मनातलं गाऱ्हाणं मोठ्याने सांगायचं. देवाला कितीही बोला, कुणी गप्प करत नाही, कुणी उपदेश करत नाही. रिकाम्या हातांनी आलेल्याचं गाऱ्हाणं मात्र इथे ऐकलं जात नाही. ज्याला त्या वर्षी काहीच गाऱ्हाणं नसेल त्याने दोन पाट्या आणायच्या, एक आपली आणि एक ज्याच्याने उचलवत नाही अशा कुणासाठी.

पाहुणे विचारतात, पाणी तर केव्हाच गोडं झालं, मग आता उभा का करत नाही? कितींदा सांगायचं? पलीकडे समुद्र अजून आहे. आणि आत बेडूक ओरडतायत, ऐका.