ओरिजिनल बुश

दुरुस्ती झाली तेव्हा ही गोष्ट सांगणारी तिथे नव्हती. ही हकिगत अनंतराव किल्लेदारांकडून ऐकलेली. त्यांच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या ॲक्सिलरेटर पेडलचे बुश, म्हणजे सांध्यातली छोटी धातूची नळी, झिजले होते. पाय काढला तरी वेग उतरत नसे. सूनबाई ऋचाने नवे पितळी बुश घडवून बसवले, म्हणूनच ते जुन्या गाड्यांच्या आपल्या अखेरच्या रॅलीला पोहोचले. तिथे सगळे पार्ट ओरिजिनल असणे सक्तीचे होते.

रॅलीच्या परीक्षकांनी थेट पेडलजवळचे कार्पेट उचलून पाहिले. "पार्ट ओरिजिनल नाही. गाडी बाद."

"झिजलेला ओरिजिनल डिकीत आहे, साहेब. आत्ता बसवते," ऋचा म्हणाली. "नियमाप्रमाणे आधी तुम्हीच घाट उतरून गाडी तपासणार ना?"

परीक्षकांनी उताराकडे पाहिले आणि मंजुरीची सही केली.

"पोरी, तुझ्यामुळे आज स्टिअरिंग हाती आलं," अनंतराव म्हणाले.

कार्पेटखाली झाकलेले बुश नवे असल्याचे परीक्षकांना कोणी कळवले, हे मात्र अद्याप उमगलेले नाही.