डाव्या हाताचा पाव

एकदा एका नामांकित आचाऱ्यावर स्वतःच्याच घरात हार मानण्याची पाळी आली. दिगंबरपंत हे त्यांचे नाव. तीस वर्षे त्यांनी आसपासच्या गावांतली लग्नकार्ये सांभाळली होती. आपल्या पंगतीतून आजवर कुणी अर्धपोटी उठलेले नाही, असे ते सांगत, आणि ते खोटे नव्हते. परंतु त्यांची सून सेल्वी दीर्घ तापातून उठली ती अन्नावरची वासना घालवूनच. पंतांनी शिरा केला, मऊ भात केला, त्यात मेतकूट कालवले, जाळीदार धिरडी केली. ती दोन घास घेई, "छान झालंय बाबा" म्हणे आणि ताट सरकवी. पोरीच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या, तसे पंतांच्या तोंडचे पाणी पळाले.

सेल्वी मूळची पुदुच्चेरीची. माहेरी रोज सकाळी कॉफीबरोबर घरी भाजलेला लांबट फ्रेंच पाव असे, त्याची तिला फार आठवण येते, हे शेवटी मुलाकडून पंतांना कळले.

गावात याकूबचाचा नावाचे वयोवृद्ध गृहस्थ होते. तरुणपणी धरणाच्या कामावर आलेल्या फ्रेंच इंजिनियरांच्या बंगल्यावर ते स्वयंपाकी होते. हा पाव घरच्या ओव्हनमध्ये भाजणारे त्या मुलखात ते एकटेच. पंत त्यांच्याकडे शिष्य म्हणून गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी आणि एवढा लौकिक असताना गेले, याचे मला कौतुक वाटते.

चाचांनी मैदा, पाणी, मीठ, यीस्ट मोजून दिले आणि कालवायला सांगितले. पीठ बोटांना चिकटले. हजार माणसांची कणीक मळलेल्या हाताला हा अपमान कसा सोसावा? पंतांनी मूठभर मैदा वर टाकला, मग आणखी एक मूठ. बघता बघता परात लख्ख, हात स्वच्छ आणि गोळा लोण्यासारखा गुळगुळीत. असा हात आपण उभ्या जन्मात पाहिला नाही, असे चाचा मनापासून म्हणाले. पाव मात्र असा निघाला की त्याने चटणी वाटावी. दुसऱ्या दिवशी चाचांनी वरून मैदा घ्यायची मनाई केली. पंतांनी मान डोलावली, पण हात आपसूक डब्याकडे गेला आणि पुन्हा तोच वरवंटा हाती आला.

तिसऱ्या दिवशी चाचांनी चमत्कारिकच गोष्ट केली. पंतांच्या खांद्यावरचा पंचा घेतला आणि त्याने त्यांचा उजवा हात कमरेशी बांधून टाकला. आज डाव्याने करा, म्हणाले. पंतांना राग आला. आपली थट्टा चालली आहे, असे वाटून ते निघणारच होते. पण सेल्वीचे मनगट आठवले आणि त्यांनी राग गिळला.

डाव्या हाताला मळणे जमेना. तेव्हा चाचांच्या सांगण्यावरून तो हात ओला करायचा, पिठाची एक कड उचलून दुसरीवर दुमडायची आणि अर्धा तास नुसते बसायचे, असे चालले. आजवर पंतांनी पिठाकडे कधी पाहिलेच नव्हते, इतका त्यांचा उजवा हात तरबेज होता. आता पाहावे लागले. ओघळणारे पीठ हळूहळू अंग धरू लागले आणि पातळ त्वचेखाली हवेचे फुगे दिसू लागले. लांबट आकार देताना चाचांनी आपला एक हात लावला. मग पात्याने वर तिरक्या चिरा देऊन, ओव्हनच्या तळाशी उकळत्या पाण्याचे भांडे ठेवून पाव भाजला. बाहेर काढला तेव्हा तो तांब्याच्या रंगाचा झाला होता, आणि निवताना त्याचे कवच बारीक तडतडत होते. पंत कान लावून ऐकत राहिले. निवल्यावर मोडला तर आत मऊ, मोठाली जाळी. पंतांचे डोळे भरून आले. हात का बांधलात, हे त्यांनी तेव्हा विचारले.

"पंत, तुमचा उजवा हात उस्ताद आहे, त्याला माझा सलाम," चाचा गाठ सोडत म्हणाले. "पण उस्तादाला सगळं आधीच ठाऊक असतं. समोरच्याला काय हवंय, ते तो विचारत बसत नाही. डाव्याला काहीच येत नव्हतं, म्हणून त्याने पिठाला विचारलं."

दुसऱ्या दिवशी पंतांनी घरी पाव भाजला. सेल्वीने तुकडा मोडला, कॉफीत बुडवला आणि अर्धा पाव संपवला. मग चाचरत म्हणाली, "बाबा, आमच्याकडे याला मीठ थोडं जास्त असायचं."

तीस वर्षांत पंतांच्या मिठावर बोट ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. दोन महिने आपण हिला वाढत आलो, पण काय करू, असे एकदाही विचारले नाही, हे त्यांना त्या क्षणी उमगले आणि त्यांचे त्यांनाच वाईट वाटले.

"उद्या माझ्याजवळ उभी राहा," ते म्हणाले, "आणि किती घालायचं ते मला सांग."

सकाळी सेल्वी आजारानंतर प्रथमच ओट्यापाशी उभी राहिली. ती मीठ घालीत होती, आईची पद्धत सांगत होती, आणि पंत ऐकत ऐकत डाव्या हाताने पीठ दुमडीत होते. पंचा मात्र त्यांच्या खांद्यावरच होता.