पाणी न चालणारी टाकी

कोणे एके काळी, म्हणजे राजे-महाराजे गोष्टींत निघून गेले होते आणि फटफट्या नुकत्याच आल्या होत्या अशा काळी, एका उंच घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात फटफटी एकच, आणि ती सुईणीची. घाटापलीकडे पाच वाड्या होत्या. पलीकडे एखादी बाई अडली की खिंडीतला नगारा वाजायचा. मग सुईण पदर खोचायची, किक मारायची आणि धूळ उडवत घाट चढायची.

ती फटफटी धडधाकट ठेवायचं काम गावच्या मिस्त्रीकडे होतं. माणूस हाताचा चांगला, तोंडाचा गोड, पण मनाचा भित्रा. आणि भित्र्या माणसाच्या हातून काय होतं ते ऐका.

सात वर्षांपूर्वी फटफटीच्या टाकीला पोटाशी मोहरीएवढं भोक पडलं. पेट्रोल पाझरू लागलं. भोक बुजवायचं तर कथील वितळवून डाख द्यायला हवा, म्हणजे पेट्रोलच्या टाकीला तापलेलं लोखंड लावायला हवं. मिस्त्रीच्या गुरूच्या दोन्ही भुवया अशाच एका टाकीच्या भडक्यानं खाल्ल्या होत्या. गुरू ती हकीकत हसत हसत सांगायचे. मिस्त्रीला मात्र कधी हसू आलं नाही.

तो हातात सळई घेऊन उभा होता, आणि तेवढ्यात नगारा वाजला. सुईण दारात येऊन उभी राहिली. मिस्त्रीनं मोरीतली साबणाची वडी उचलली, भोकावर घासून घासून लिंपली आणि वर काळा रंग फासला.

साबण पेट्रोलला दाद देत नाही, हे खरं. वाटेत अडलेल्या माणसाला घरी पोचवायला तो पुरतो. पण पाण्यापुढे साबणाचं काय चालतं ते कपडे धुणाऱ्या कुणालाही विचारा.

"झालं का रे पक्कं?" सुईणीनं विचारलं.

"पक्कं, मावशी," मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं.

आठ दिवसांत नीट डाख देऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. साबण टिकला. गावानं मिस्त्रीच्या खांद्यावर शेला घातला, आणि शेला घातल्यावर खरं सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं.

पुढे एकदा सुईण म्हणाली, "टाकी आतून चिंचेच्या पाण्यानं धुऊन दे. गंज धरतोय."

मिस्त्रीला लगेच साबण आठवला. तो म्हणाला, "मावशी, या टाकीला पाणी चालत नाही."

झालं! मिस्त्रीचा शब्द म्हणजे गावाला शास्त्र. ओढा ओलांडताना चार गडी टाकीवर घोंगडी धरून चालू लागले. पाणवठ्यावरून येणाऱ्या बाया फटफटी दिसली की घागर सावरून दहा पावलं लांब उभ्या राहू लागल्या. दसऱ्याला भटजी सगळ्या हत्यारांवर पाणी शिंपडत, आणि टाकीपाशी आले की कोरडंच फूल वाहत. का, असं कुणी विचारलं की म्हातारे म्हणत, "पूर्वापार चालत आलंय." पूर्वापार म्हणजे किती, तर तीन वर्षं.

मिस्त्री हे सगळं बघायचा. नगारा वाजला की आधी त्याच्याच छातीत वाजायचा. फटफटी घाट चढताना दिसेनाशी झाली की तो खिंडीकडे बघत बसायचा, कुठे धूर तर दिसत नाही ना म्हणून. साबण सुटला आणि पेट्रोल तापल्या इंजिनावर पडलं तर काय होईल, हे गावात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

इकडे टाकीच्या आत कुणाचा हात लागत नव्हता, तेव्हा गंजाचं फावलं. जुनं पेट्रोल आटून राळेसारखा चिकट थर बसला. त्यात गंजाचे पोपडे सुटले, नळीत अडकू लागले, आणि फटफटी चढावर धापा टाकून बंद पडू लागली.

एकदा ती घाटाच्या मध्यावर अशी बंद पडली की काही केल्या हलेना. सुईण उरलेली वाट पायी चढली. बाळ जगलं, पण अगदी थोडक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिंचेच्या कोळाची घागर कमरेवर घेऊन मिस्त्रीच्या दारात हजर झाली.

"पाणी चालो की न चालो, आज ही टाकी धुतल्याशिवाय मी इथून हलणार नाही," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.

मिस्त्रीनं घागर हळूच बाजूला सारली. तो म्हणाला, "मावशी, मी घासलेटानं धुतो. घासलेटही गंज काढतं." त्यानं टाकी उतरवली, आत ओंजळभर खडे आणि घासलेट घातलं, आणि टाकी हलवू लागला. खड्यांचा खुळखुळाट सुरू झाला. लालभडक गाळ बाहेर पडला. पण चिकट थर काही निघेना. सुईण म्हणाली, "जोरानं हलव की." मिस्त्री जोरानं हलवत होता, पण त्याचं सगळं लक्ष टाकीच्या पोटाशी, त्या काळ्या ठिपक्याकडे होतं.

आणि तेवढ्यात खिंडीतला नगारा वाजला.

सुईण ताडकन उठली. "राहू दे धुणं! बसव टाकी. मी निघते."

मिस्त्रीनं टाकी उचलली आणि त्याचा हात ओला झाला. खड्यांच्या माऱ्यानं साबण हलला होता. काळ्या ठिपक्याच्या कडेला एक थेंब जमला होता. तो फुगला, लांबला आणि खाली पडला. त्याच्या जागी दुसरा जमू लागला.

सुईणीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती आपली पिशवी आवळत होती. साबणाची वडी मिस्त्रीच्या हाताशी, कोनाड्यातच होती. चार वेळा घासली की काम झालं. सात वर्षं टिकलं, आणखी एक दिवस टिकेल. त्यानं वडी उचलली. ओल्या हातातून ती दोनदा निसटली.

नगारा वाजतच होता. मिस्त्रीला डोळ्यांपुढे घाट दिसला, तापलेलं इंजिन दिसलं, आणि सुईणीचा खोचलेला सुती पदर दिसला. पदर दिसल्यावर मात्र त्याच्यानं राहवलं नाही.

"मावशी, थांबा!" तो ओरडला. त्यानं सुईणीची घागर उचलली आणि कोळाचं पाणी टाकीत ओतलं. पाहता पाहता साबण विरघळला, आणि टाकीच्या पोटातून सुतळीएवढी बारीक धार अंगणात पडू लागली.

मिस्त्रीनं त्या धारेकडे बोट दाखवलं.

"हे आजचं नाही, मावशी. सात वर्षांचं आहे. मी डाख दिलाच नव्हता. साबण लावला आणि पक्कं म्हणालो. पाण्याचं मी उगाच सांगितलं. मला भीती वाटत होती."

मिस्त्रीची बायको चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "त्या दिवशी माझी साबणाची वडी अर्धी कशी झाली, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

सुईण काय बोलेल याची मिस्त्री वाट बघत होता. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिला तेवढा वेळ नव्हता. पिशवी खांद्याला लावून ती घाटाच्या वाटेला लागली. जाता जाता एवढंच म्हणाली, "मी पायी निघते. जमलं तर वाटेत गाठ मला."

मिस्त्री टाकीपाशी बसला. आता त्याला गुरूंचं एक वाक्य आठवलं. भुवयांच्या भीतीत ते तो इतकी वर्षं विसरूनच गेला होता. "टाकीत पाणी भरून डाख दे. पाण्यापाशी आगीचं काही चालत नाही." ज्या पाण्याला तो सात वर्षं भीत आला, तेच त्याला राखणार होतं!

त्यानं टाकी खडे आणि कोळ घालून खळखळून धुतली. मग तिच्यात पाणी भरलं, तोंडं गच्च बंद करून ती पालथी घातली, पाणी भोकाच्या बोटभर खाली राहील असं पाहिलं, भोकाभोवतीचा पत्रा चकचकीत घासला आणि डोळे न मिटता तापलेली सळई टेकवली. कथील वितळलं आणि पसरलं. भुवया जागेवर राहिल्या. पाणी काढून त्यानं टाकी पेट्रोलनं विसळली, नळीच्या तोंडाशी मलमलचं गाळणं बांधलं, टाकी बसवून पेट्रोल भरलं आणि फटफटीवर बसून घाट चढू लागला.

अर्ध्या घाटात त्यानं सुईणीला गाठलं. खाली उतरून तो म्हणाला, "डाख पक्का आहे. पण आतला थर पुरता निघालेला नाही, रात्रभर कोळात भिजवावं लागेल. गाळणं आजच्यापुरतंच आहे."

सुईणीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "आज पहिल्यांदा तू मला खरं सांगितलंस," ती म्हणाली. "चल, तूच चालव. मी मागं बसते."

मिस्त्री पुढं बसला. सात वर्षं ज्या टाकीवर त्यानं दुसऱ्याचा जीव बसवला होता, ती आज त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये होती. प्रत्येक वळणावर तो खाली वाकून बघत होता. टाकी कोरडी होती.

ती दोघं पोचली तेव्हा वाडीतल्या बायांचे चेहरे पांढरेफटक पडले होते. सुईण आत गेली. मिस्त्री अंगणात फेऱ्या घालत राहिला. नगारेवाल्यानं त्याला पाणी दिलं, पण ते त्याला पिववेना. ऊन कलल्यावर आतून बाळाचा टाहो ऐकू आला. मिस्त्री ढसाढसा रडला.

गावी परतल्यावर त्यानं शेला परत केला आणि चावडीवर सगळं सांगितलं. लोक चिडले, मग निवळले. पण टाकीला पाणी चालतं, हे काही त्यांना पटेना. ओढ्यावर चार गडी पुढची कितीतरी वर्षं घोंगडी धरत राहिले, आणि मिस्त्री दर वेळी कपाळावर हात मारून घेत राहिला. टाकी मात्र तो दर वर्षी अंगणात, सगळ्यांच्या देखत, चिंचेच्या पाण्यानं धुवायचा. आणि कुठलंही काम झालं की आधी स्वतः घाटाची एक फेरी मारून यायचा.

तात्पर्य: चूक झाकायला आपण जे खोटं रचतो, तेच पुढे ती चूक सुधारायच्या आड येतं.